झरीचा गोलपोस्ट आणि पुढं पळणाऱ्या पोरी

मी झरीच्या मैदानावरचा गोलपोस्ट बोलायलोय. आधी मी बोअरचा पाइप होतो. बोअरला पाणी लागलं नाही, तेव्हा मला वर काढून वेल्डिंग मारलं आणि इथं रोवलं. जाळं येलदरी धरणावरच्या मच्छीमारांनी दिलेलं, जुनं. त्याचा वास अजून जात नाही. गोलकीपर पोरी नाकं मुरडतात, मी मनावर घेत नाही.

एरवी माझ्यावर गोधड्या वाळतात. मॅचच्या दिवशी मात्र माझा थाट बघावा!

पोरींचे कोच रंगनाथ सर. त्यांचा डाव ऐकायला झकास. तीन मागं, तीन मधी, चार पुढं. मंजुषानं उजव्या कडेनं कोपऱ्यापर्यंत बॉल न्यायचा, समोरच्या पोरींना आपल्याकडं ओढायचं आणि बॉल मधी द्यायचा. राजेश्रीनं तो थेट गोलात मारायचा. मधल्या तिघींनी परत आलेला बॉल टिपायचा. मागच्या तिघींनी जागा सोडायची नाही.

पण आमच्या गावाचा एक रिवाज आहे. गोल झाला की करणारीला तिथल्या तिथं फेटा बांधतात आणि सरपंच भगवानराव माइकवर तिच्या आज्या-पणज्याचंसुद्धा नाव घेतात. मग काय विचारता! दहा मिनिटांत मधल्या पुढं, मागच्याही पुढं. सरांचा घसा बसतो, पोरी काही मागं येत नाहीत. मागं राहते एकटी शिवकन्या.

तिचे आईबाप ऊसतोडीला जातात. खेळते म्हणून मागच्या साली तिला मावशीकडं ठेवलं होतं. यंदा आई कडूबाईनं बजावलं, "फायनलला तुज्या डोक्यावर फेटा दिसला न्हाई, तर उद्या टोळीसंगं चल." बाई वाईट नाही. पण फेटा नाही म्हणजे पोरगी खेळतच नाही, असा तिचा पक्का समज.

फायनल पेडगावशी होती. पहिल्या डावात आमच्या पोरी माझ्याकडं चाल करत होत्या. मंजुषानं कडेनं बॉल आणला, राजेश्रीनं ठोकला, मी जाळ्यात झेलला. फेटा बांधला, माइक गरजला. कडूबाई आपली लेक शोधत होती. कुणीतरी पार पलीकडचं टोक दाखवलं, तेव्हा तिचं तोंड उतरलं.

दुसऱ्या डावात बाजू बदलल्या आणि शिवकन्या माझ्यासमोर आली. कडूबाईही तरातरा माझ्यामागं येऊन उभी राहिली. पुढं पळ, सगळ्या पळायल्यात, तू का खांबासारखी उभी, असा तिचा धोशा. खांबाला नावं ठेवलेली मला आवडली नाहीत, पण बोलणार कुणाला?

शिवकन्यानं आईकडं पाहिलं आणि खरंच चार पावलं पुढं गेली. तेवढ्यात पेडगावची पोरगी बॉल घेऊन सुटली. शिवकन्या उलटी फिरली आणि घसरत जाऊन बॉल बाहेर काढला. मग पेडगाव पुन्हा पुन्हा येत राहिलं. आमच्या नऊजणी पलीकडं फेट्याच्या आशेनं उभ्या, आणि इथं ही एकटी. कडूबाईचं बोलणं हळूहळू बंद झालं. तिनं माझा उजवा पाइप घट्ट धरला होता.

शेवटी गोलकीपरही चुकली. बॉल माझ्यात शिरणार, एवढ्यात शिवकन्यानं गुडघा घातला. तोंडभर माती खाल्ली, पण बॉल आत येऊ दिला नाही. आम्ही जिंकलो.

भगवानराव पुन्हा राजेश्रीचं नाव पुकारू लागले. कडूबाई सरळ माइकपाशी गेली.

"गोल करणारीला फेटा. अन् होऊ न देणारीला काय?"

भगवानराव गडबडले. फेटा एकच आणलाय, म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या फेटा. पुढल्या साली बी माझी लेक तितंच उभी ऱ्हाईल, तेवढं मायकात सांगा."

त्यांनी सांगितलं. मला लय बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

कडूबाई लेकीला मावशीकडं ठेवून टोळीसंगं गेली. शिवकन्या रोज संध्याकाळी माझ्यासमोर सराव करते. गोधड्या अजून वाळतातच. तुमी पुढल्या सालच्या फायनलला आलात तर गर्दी सोडून इकडं माझ्यामागं या. जागा भरपूर आहे. फक्त उजव्या पाइपाजवळची कडूबाईला ठेवा.