भोंगा वाजला आणि बाया आत आल्या

मी भोंगा. ओरडण्यासाठीच मला घडवलं, पण ही हकीकत सांगताना माझा आवाज आपोआप खाली जातो.

अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये मी तयार झालो. पत्र्याचं तोंड, पोटात मोटार, अंगाला लाल रंग. १९९६ साली मला दिंडोरी रस्त्यावरच्या एका कोल्ड स्टोरेजच्या छपरावर बसवलं. तिथं द्राक्षं गार करून परदेशी पाठवत. हा गारवा अमोनिया वायूचा. नळ्यांतून फिरतो तोवर तो गुणाचा; बाहेर पडला की डोळे आणि छाती जाळतो.

फॅक्टरी इन्स्पेक्टर मालकांना म्हणाले, "गॅस सुटला तरच हा वाजवायचा. वाजला की कुणी कुठं पळायचं, हे कामगारांना आणि शेजारच्या वस्तीला आधी शिकवा. आणि गळती झाली की अग्निशमन दलाला आणि आमच्या ऑफिसला लगेच कळवा."

मालकांनी मान डोलावली, सही केली. मला त्या दिवशी उगाच मोठं झाल्यासारखं वाटलं. शिकवायला मात्र कुणी आलं नाही.

हंगामात सुरगाण्याकडच्या बाया पॅकिंगला यायच्या. भिंतीपलीकडे झोपड्या टाकून राहायच्या. चंद्रभागा त्यांची म्होरकी. द्राक्षांच्या गाडीच्या वेळेचा नेम नसे, म्हणून बायांना बोलवायला दर वेळी माणूस धाडावा लागे. सुपरवायझर खंडेरावांना त्याचा कंटाळा.

"एवढा दमदार भोंगा नुसता धूळ खातोय," ते मशीन चालवणाऱ्या वाल्मीकला म्हणाले. "गाडी आली का दे दाबून."

"भाऊ, तो गॅससाठी हे."

"गॅस काय रोज सुटतो? गाडी रोज येती."

मग मी गाडीसाठी वाजू लागलो. बाया पदर खोचत, हसत-बोलत फाटकातून आत यायच्या. खरं सांगू? मला ते आवडायचं. गप्प बसून गंजण्यापेक्षा माणसं आपल्या हाकेला येतात, याचा मला गर्व झाला होता.

२००३ च्या मार्चमधली दुपार. मशीनघरातला एक व्हॉल्व्ह फुटला. पांढरा लोट उठला. वाल्मीकनं ओला टॉवेल तोंडाला बांधला आणि आधी माझं बटण दाबलं. सगळ्यांनी पळावं म्हणून.

मी जीव तोडून ओरडलो. हॉलमधली माणसं लोट बघून मागच्या दारानं निसटली. पण झोपड्यांकडून चंद्रभागेचा आवाज आला, "गाडी आली गं! चला लवकर!"

बाया धावत निघाल्या. वारा त्यांच्या पाठीकडून होता, म्हणून फाटक ओलांडेपर्यंत वासही लागला नाही. मी ओरडत होतो, "येऊ नका." त्यांना ऐकू येत होतं, "या." मी जितका जोरात, तितक्या त्या घाईनं.

सगळ्यांत पुढं होती सरिता, नवी लग्न झालेली पोर. ती लोटात शिरली आणि खाली पडली. चंद्रभागेनं बाकीच्यांना मागं ढकललं. "मागं फिरा! मागं!" आणि स्वतः आत घुसली. सरितेला काखेत धरून तिनं ओढत बाहेर आणलं, पण तोवर चंद्रभागेचा स्वतःचा चेहरा त्या वाफेत पुरता भिजून निघाला होता.

वाल्मीक व्हॉल्व्ह बंद करून खोकत आला. "भाऊ, फायर ब्रिगेडला फोन लावा."

"मालकांना विचारल्याबिगर नाय," खंडेराव म्हणाले. "बोभाटा झाला तर माल अडकंल."

दोघींना टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. पुढचं मी वाल्मीकच्या तोंडून ऐकलं. डॉक्टरांनी विचारलं, डोळ्यांत काय गेलं? खंडेराव म्हणाले, "धूर असंल." थोड्या वेळानं वाल्मीक तिथं पोचला आणि "अमोनिया हे, साहेब" म्हणाला, तेव्हा कुठं डॉक्टरांनी डोळे पाण्यानं धुवायला घेतले. सरिता निभावली. चंद्रभागेचा उजवा डोळा गेला. डाव्यानं अंधूक दिसतं.

दवाखान्यातूनच बातमी वर गेली. इन्स्पेक्टर चौकशीला आले. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या चंद्रभागेला त्यांनी विचारलं, "बाई, भोंगा वाजल्यावर तुम्ही आत का आलात?"

"साहेब, भोंगा वाजला का आत यायचं, एवढंच आमाला शिकवलं व्हतं."

खंडेरावांनी मान खाली घातली. मला तर मानही नाही. मी छपरावर, सगळ्यांना दिसेल असा, तसाच उभा.

मालकांवर खटला झाला. गाडीसाठी आता वेगळी घंटा आहे. छपरावर वारा दाखवणारी कापडी पिशवी फडकते. हंगाम सुरू होताना सगळ्यांना गोळा करून सराव घेतात, आणि नव्या बायांना सांगायला चंद्रभागा गावाहून येते. "आधी वारा बघायचा. मंग त्याच्या आडवं पळायचं. मागं कोण राहिलं ते मोजायचं."

माझा रंग आता उडालाय. तुमच्या वस्तीजवळ माझा कुणी भाऊबंद असेल, तर तो कशासाठी वाजतो आणि वाजल्यावर कुठं जायचं, हे आजच जाऊन विचारा. आम्हाला फक्त ओरडता येतं.

यंदाच्या सरावात वाल्मीकनं बटण दाबलं. मी भीतभीतच सुरू झालो. बायांनी वारा पाहिला आणि शेताकडं पळाल्या. चंद्रभागेला भरभर धावता येत नव्हतं. सरितेनं तिचा हात घट्ट धरला होता. बांधावर पोचल्यावर बाकीच्या वळून माझ्याकडं बघू लागल्या.

चंद्रभागेनं पाहिलं नाही. मी वाजायचा थांबलो, तरी ती माझ्याकडं पाठ करूनच उभी होती.