शोकेसमधली दुसरी पिचकारी

“बाबा, खापरपणजोबानं ढोरायच्या बुळकांडी रोगाची लस गावात आणली, हे तं सगळ्यायले माहीत हाय. पण रोग कोणाच्या गोठ्यातून आणला?”

हा प्रश्न माझा नव्हता. माझ्या बाकावरच्या अश्विनीनं तो मला दिला आणि आमची मैत्रीण काजलनं त्यावर पैज लावली. पारावर सगळे मोठे बसलेले असताना विचारून दाखवला, तर शेगावला गेल्यावर काजलकडून पोट फुटेस्तोवर कचोरी. “नाई इचारत ही,” काजल म्हणाली होती. “स्पर्धेत बोलनं वेगळं, बापासमोर बोलनं वेगळं, बे.” झालं! मी दहावीत आहे, वक्तृत्वात तालुक्यात पहिली आले आहे, आणि त्या दिवसापासून माझं तोंड बंद कसं करायचं हे आमच्या घरात कोणालाच कळत नाही. मी सरळ पारासमोर जाऊन उभी राहिले.

पारावर पोळ्याची बैठक चालली होती. जिथं तोरण बांधतात त्या चौकाला यंदा खापरपणजोबांचं नाव द्यायचं ठरलं होतं. ‘पशुरक्षक महादेवराव चौक’ असा निळा बोर्ड मलकापूरहून रंगवून आला होता आणि पाराला टेकवून ठेवला होता. बाबांचा हात त्याच्यावरच होता. नाव द्यायच्या वेळी माइकवर भाषण मी करणार होते.

 बाबा हसले. “कचरूच्या गोठ्यातून. अन् आणला नाही, त्यानं सोताहून बैल दिला. राजीखुशीनं. लिहून घे तुह्या भाषणात.”

“गजूभाऊ, पोरगी वकील होते तुही!” कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. बाबा सगळ्यांत जास्त.

पाराच्या खाली, चपला काढतात तिथं, अश्विनीचे बाबा प्रसेनजितकाका उभे होते. कचरू म्हणजे त्यांचा आजा. ते काहीतरी बोलायला आले असावेत, कारण त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली होती. हसणं संपायच्या आत ते म्हणाले, “येतो मी,” आणि निघून गेले. मी मागं वळून पाहिलं तर अश्विनीही नव्हती. काजल तेवढी होती, हात जोडून, “मानलं बाई तुले,” म्हणत.

कचोरी मी जिंकले होते. पण काय जिंकले ते मला कळत नव्हतं.

खापरपणजोबांची गोष्ट मला पाठ आहे. आमच्याकडं पाहुणा आला की चहाच्या आधी ती सांगतात. इंग्रजांच्या काळात ते हिमालयाकडं कुठंतरी डोंगरावर, सरकारच्या जंतूंच्या प्रयोगशाळेत कामाला लागले. आधी बैल सांभाळायला, मग साहेबाच्या हाताखाली. तिथं बुळकांडीतून वाचलेल्या बैलांना मुद्दाम पुन्हा रोगाचं रक्त टोचायचे, ते रोगाला अजून घट्ट झाले की त्यांच्या मानेच्या शिरेतून रक्त काढायचे, ते गोठलं की वर पिवळसर पाणी सुटायचं. ते पाणी म्हणजे सीरम. बाटल्यांत भरून आगगाडीनं देशभर जायचं. आमच्या भागात बुळकांडी आली तेव्हा खापरपणजोबा बाटल्या घेऊन गावी आले आणि गावातलं एकही ढोर मेलं नाही. म्हणून पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी आमची जाते. नांगर, डवरे सगळं ट्रॅक्टरवर गेलं तरी बाबांनी जोडी विकली नाही. ती वर्षभर खाते आणि एक दिवस चालते.

हॉलमधल्या शोकेसमध्ये त्यांच्या दोन पितळी पिचकाऱ्या आहेत. माझ्या मनगटाएवढ्या जाड. एकीला काही नाही, दुसरीच्या गळ्याला लाल दोरा. लहानपणी मी विचारलं होतं, दोन काऊन? बाबा म्हणाले होते, एक जास्तीची.

आणि यंदाची मोठी गोष्ट म्हणजे, मानाच्या जोडीचा दोर मी धरणार होते! आमच्या घरात पोरीनं तो कधी धरलेला नाही. आईनं त्यासाठी बाबांशी भांडून दोन वेळा जेवण टाकलं. मलकापूरहून गोंडे लावलेला नवा लालनिळा दोर आणला होता. मी तो खोलीत खिळ्याला टांगून रोज बघत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत अश्विनी माझ्या बाकावर बसली नाही. म्हणून संध्याकाळी मीच नाल्यापलीकडं तिच्या घरी गेले. अंगणात त्यांची नवी जोडी बांधलेली होती. नवी म्हणजे यंदाच घेतलेली, पण डवरणी-कोळपणी करून करून खांद्यावर घट्टे पडलेली. कडूबा आजा, अश्विनीचे आजोबा, खाटेवर बसून शिंगं घासायला काच शोधत होते.

“ये,” ते म्हणाले. “गप्पा माराले आली का भाषणाले कच्चा माल पाह्यजे?”

“आजोबा, तुमच्या बाबांनी बैल खुशीनं दिला होता ना?”

“तुह्या बापानं सांगतलं? तो तवा कुठं होता?” ते हसले, पण ते हसणं पारावरचं नव्हतं. “बस खाली. सीरम टोचलं तं दहापंधरा दिवस ढोर बचे. मंग पुन्हा होतं तसं. कायमचं बचवायचं तं एका अंगाले सीरम अन् दुसऱ्या अंगाले बिमार ढोराचं रगत. थोडासा रोग लागे, सीरम त्याले दाबे, ढोर जन्मभरासाठी मोकळं. दोन पिचकाऱ्या लागत. तुमच्या घरी असतीन अजून.”

माझ्या डोळ्यांसमोर लाल दोरा आला.

“पण ते रगत बाटलीत टिकेना. आपल्या इकडच्या गर्मीत रोगही मरे, पाह्य! त्याले जित्ता ठेवाले जित्तंच ढोर पाह्यजे. महादेवरावानं मोताळ्याकडून थोडं रगत आणलं आणि पारावर बसून इचारलं, कोणाच्या बैलात घालू? गाव सगळं तिथं. पाटील तिथं. समद्यायनं माह्या बापाकडं पाह्यलं. तो पाराखाली उभा. नाही म्हनाची त्याची काय बिशाद होती?”

“मग?”

“मंग काय. ढवळ्याले रगत टोचलं. सीरम नाही दिलं. सीरम दिलं तं रोग जोर कसा धरन? ताप चढला तसं त्याचं रगत काढत गेले अन् गावात टोचत गेले. अर्धं गाव झालं अन् ढवळ्या पडला. मंग पवळ्याले घेतलं. तुमच्या घरी सांगतात ना, गावातलं एकही ढोर गेलं नाही?”

“हो.”

“बरोबर सांगतात. आमचे दोन मोजत नाहीत.”

काच सापडली. ते शिंग घासायला लागले. करकर आवाज येत होता. मला वाटलं गोष्ट संपली. संपली नव्हती.

“त्याच पारावर कबूल केलं होतं,” ते बैलाकडंच बघत म्हणाले. “गाव कचरूले दुसरी जोडी घेऊन देईन, अन् तोरणाखालून पहिली जोडी कचरूच्या घरची, पिढ्यानपिढ्या. पोळा आला. जोडीचा पत्ता नाही. बिनाबैलाच्या मानसाले तोरणाखालून काय नेता? तं महादेवराव म्हने, औंदा कचरूच्या वतीनं माही जोडी जाऊ द्या. औंदाच्या वर्षापुरती.” त्यांनी शिंगावरची पूड फुंकली. “ते वर्ष काही सरून नाही राह्यलं.”

मी ताडकन उठले. मला रडू येत होतं आणि बोलायचंही होतं, दोन्ही एकदम. “मी सांगते! पोळ्याच्या दिवशी माइकवर सांगते सगळ्यायले!”

“सांग ना,” दारातून अश्विनी म्हणाली. ती कधीची तिथं उभी होती कोण जाणे. “लोक टाळ्या वाजवतीन. अर्पिता किती मोठ्या मनाची! व्हिडिओ टाकतीन. पुन्हा आमचेच बैल, तुमचंच नाव.”

“मग तो प्रश्न मले काऊन दिला?”

“तुह्या तोंडून इचारला तं तुहा बाप उत्तर देईन म्हनून. आम्ही इचारला का कोणाले ऐकूच येत नाही. काल माहे बाबा काय सांगाले आले होते माहीत हाय? औंदा आमच्या घरी जोडी हाय, एवढंच. तेवढंही बोलू देल्लं नाही तुमच्या हसन्यानं.”

“मी नाही हसली.”

“हाव. तू कचोरी जिंकली.”

मी, तालुक्यात पहिली आलेली, चपला घालून नाला ओलांडून घरी आले.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळतात. बाबा गोठ्यात होते. आई वाटीत तूप आणि हळद कालवत होती. “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या,” बाबा बैलाच्या कानात म्हणाले आणि मला बघून हात पुढं केला. “ये. मान तुह्या हातात हाय उद्या, खांदे तूच मळ.”

मी वाटी घेतली नाही. कडूबा आजांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. एका दमात नाही, अडखळत, स्पर्धेत असती तर शेवटची आले असते.

“त्या जुन्या गोष्टी,” बाबा म्हणाले.

“अन् दुसरी पिचकारी? ती जास्तीची नाही. रोगाची हाय. तुम्हाले माहीत होतं?”

बाबा खांदा मळत राहिले. “माहीत होतं,” ते म्हणाले. “पाहुन्यासमोर काय सांगू, रोगाची हाय म्हनून? अन् त्यायले कशाले पाह्यजे तोरणाचा मान? ते तं आता देवही मानत नाहीत.”

“इचारलं कधी?”

“प्रसेनजितनं बोलावं ना. पारावर यावं, सांगावं.”

“आले होते, बाबा. तुम्ही हसून राह्यले होते.”

बाबांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडं नाही, आईकडं पाहिलं, जणू ही पोरगी तिनं एकटीनं वाढवली. बोर्डाचं काय, गावाला काय सांगू, लोक शेण घालतील तोंडात, असं बरंच काही ते बोलले. पहिली जोडी कोणाची, त्यावर मात्र एक अक्षर नाही.

आई हळदीच्या बोटांनीच माझ्या जवळ आली. “तुले तो दोर मिळावा म्हनून मी उपाशी राह्यली,” ती हळूच म्हणाली. “गावात एका पोरीले तरी मिळन म्हनून. अन् आता तूच...”

ते सगळ्यात जास्त लागलं. बाबांचं नाही लागलं, आईचं लागलं. मी खोलीत गेले, खिळ्यावरून दोर काढला. गोंडे इतके सुंदर होते! मी तो आणून गव्हाणीवर ठेवला.

“आई, बाबा, ऐका,” मी म्हणाले. “उद्या आपली जोडी पहिली जाणार असन, तं दोर मी धरनार नाही. माइकवरही जानार नाही. काजलसोबत बायकायच्या गर्दीत उभी राहीन. अन् कोणी इचारलं, पोरी, तू दोर काऊन नाही धरला, तं मी हसून टाळनार नाही. ज्यानं इचारलं त्याले सांगन, रोग कोणाच्या गोठ्यातून आणला होता ते.”