कड्याखालच्या वाटेची काठी

मित्रांनो, ही हकिगत सन दोन हजार तेवीसच्या धुळवडीची आहे. मी एक जुनी, मेसाच्या बांबूची काठी आहे. अंगाने भरीव, टोकाला लोखंडी शेंबी. काशीद गावच्या जनीच्या नवऱ्याने मला फणसाडच्या रानातून आणले, तेव्हा तिथे अभयारण्याची पाटीसुद्धा नव्हती. त्याच्यामागे मी जनीच्या हाती आले. किनाऱ्याच्या खडकांवर ती कालवे, म्हणजे दगडाला चिकटलेले शिंपले, काढायला जाई. तिच्या प्रत्येक पावलाआधी मी दगड ठोकून बघे. शेवाळ आहे का, दगड डुगडुगतो का? संशय घेणे हेच माझे काम. बायका म्हणत, "जनीची काठी खोटं न्हाय बोलत." पुढे जनीचे गुडघे गेले आणि मी दारामागे केरसुणीच्या शेजारी उभी राहिले.

जनीच्या भावाची मुलगी हेमाली उलव्याला राहते. महिनाभर आधी तिचा फोन आला. तिला काशीदहून किनाऱ्याने, कड्याखालच्या वाटेने नांदगावला आणि तिथून फणसाडच्या जंगलात चालत जायचे होते. कधी येऊ, असे तिने विचारले.

"भांगाला या गो, मंग चिंता न्हाय," जनी म्हणाली.

"अय्या, चालेल!" हेमाली हसली. ते हसू मला खटकले.

होळीच्या संध्याकाळी ती मैत्रीण मिस्बाहला घेऊन आली. जनीला वाटले, पोरी सणाला आल्या. मी मात्र त्यांचे कोरे बूट बघत होते. ते खडकावर धरतील, असे मला वाटेना.

सकाळी दोघी नाड्या बांधू लागल्या.

"कुठं निघाल्या?" जनीने विचारले.

"कड्याखालून, आत्या. अकरा-साडेअकराला तिथे पोचू. तूच म्हणालीस ना, भांगेच्या दिवशी या!"

जनीने दारामागून मला ओढले आणि उंबऱ्यावर आडवी धरली. "न्हाय जायाचं."

हेमालीचा चेहरा बदलला. "बाबांनी फोन केला ना तुला? सरळ सांग. तुम्हाला मला पाठवायचंच नाही. मला परत रजा मिळणार नाही!"

"तुझ्या बापाचा काय संबंध?"

"अगं, आधी विचार तरी," मिस्बाह म्हणाली. "आत्या, भांग म्हणजे काय? धुळवडीला प्यायची ना?"

"प्यायची?" जनी कपाळावर हात मारून हसली, डोळे मात्र भरले होते. "अगो, पुनवेला-अवसेला उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी मंद, कड्यापावेतो येत न्हाय. त्याला भांग म्हणत्यात. आज पुनव हाय, बाय माझी!"

हेमालीला ते पटले नाही. आत्या बनवते आहे, असेच तिच्या डोळ्यांत दिसत होते. तेव्हा साडेअकराला जनी स्वतः उठली. कित्येक वर्षांनी मी पुन्हा तिच्या हातात होते. दर पाच पावलांना थांबत ती त्यांना कड्याच्या माथ्यावर घेऊन गेली.

खाली वाट नव्हतीच. पुरुषभर पाणी कड्यावर आपटत होते.

"आम्ही आत्ता कुठे असतो?" हेमालीने हळूच विचारले.

जनीने मला उचलून त्या फेसाकडे रोखले.

पुढच्या अष्टमीला त्या आल्या आणि कड्याखालून कोरड्या पायांनी गेल्या. हेमालीला रजा नव्हती. तिने साहेबांची बोलणी खाल्ली. मिस्बाह आता मस्कतला नोकरी करते. जनी गेल्या श्रावणात गेली. हेमालीने मला उलव्याला नेले. तिथे मी छत्र्यांमध्ये उभी आहे. शेंबी गंजून गळून पडली आहे.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, नाहीतर करू नका. पण म्हाताऱ्या माणसाच्या तोंडचा शब्द ओळखीचा वाटला, तरी त्याचा अर्थ विचारून घ्या. हेमालीला आता कालवांच्या खडकांची नावे विचारायची आहेत. ती कोणाला विचारणार?