कोऱ्या वहीचा श्रीगणेशा

कोर्टानं मागितली होती एक वही. आळेफाट्याच्या सुदर्शनशेठनं पाठवल्या तीन गोण्या. त्यात डिझेलची बिलं होती, चहाच्या चिठ्ठ्या होत्या, सप्ताहाच्या वर्गणीच्या पावत्या होत्या, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिकासुद्धा होती. जुन्नरला त्याच्या वकिलाच्या ऑफिसात तेजस्विनी आणि तिची वकील वृषाली सकाळपासून फरशीवर बसून ती रद्दी उपसत होत्या. समोर खुर्चीत शेठ दात कोरत बसला होता. कपाळाला अष्टगंध, गळ्यात सोन्यात मढवलेला रुद्राक्ष. तेजस्विनीला त्याचा राग येत नव्हता. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. तिला त्याची किळस यायची.

भांडण साधं होतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या शेतकरी गटातल्या बायकांनी परदेशी पाठवायची काळी द्राक्षं त्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवली. खोल्या किती थंड ठेवायच्या याचा लेखी करार होता. वीजबिल वाचवायला शेठनं रात्री मशिनी बंद ठेवल्या, अशी तेजस्विनीची खात्री होती. पेट्या उघडल्या तेव्हा देठ काळवंडलेले आणि मणी गळालेले. शेठ म्हणाला, माल मळ्यातूनच नासका आला. निर्यातदारानं ते खरं मानून गटाचं नाव यादीतून काढून टाकलं. आणि ‘माल तिथंच ठेवा’ असं घरोघर सांगत फिरलेली तेजस्विनीच होती. आता तिच्या सासूबाई साळुबाई तिच्याशी तोडून बोलायच्या. आमच्या मळ्याला तू डाग लावलास, म्हणायच्या. तो डाग पुसायला एकच वाट होती, खोल्यांचं रोजचं तापमान लिहिलेली वही.

ही वही आधी नव्हतीच. मग ती पावसात भिजली. मग उंदरांनी खाल्ली. कोर्टानं दम भरला तेव्हा ती सापडली, आणि मूळ वही हीच, असं शेठनं शपथेवर लिहूनही दिलं.

तिसऱ्या गोणीच्या तळाशी ती निघाली. पानोपानी तापमान कसं अगदी करारात लिहिल्याबरहुकूम. अक्षर एकच, शाई एकच. इतकं गुणी तापमान तेजस्विनीनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. वृषाली हळूच म्हणाली की वही खोटी आहे हे आंधळ्यालाही कळेल, पण कळणं वेगळं आणि कोर्टात टिकणं वेगळं.

तेजस्विनीनं पहिलं पान उघडलं आणि ती थबकली. पानाच्या माथ्यावर शेंदराचं बोट उठलं होतं, तिरकं, खाली ओघळ आलेलं. आकडे त्या ओघळाला वळसा घालून लिहिले होते. शेंदरावर पेन टेकवायची लिहिणाऱ्याची छाती झाली नव्हती.

धंद्याची नवी वही आधी कोरी देवापुढं ठेवायची, ही आपल्याकडची रीत. रीत चांगलीच आहे. पण खोटी वही लिहायला घेतानाही ती पाळावी, इतका हा माणूस देवभोळा. आणि देवाला जाऊन आल्याचं जगाला दाखवल्याशिवाय त्याला अन्न पचत नव्हतं. तेजस्विनी रोज सकाळी त्याचं स्टेटस बघायची. चांगल्या मनानं मुळीच नाही. आज या मेल्यानं कुठला देव बाटवला ते बघायची, आणि गटातल्या बायकांना पाठवायची, सगळ्यांनी मिळून हसायला.

तिनं मोबाईल काढला. बायकांना पाठवलेल्या फोटोंत गेल्या महिन्यातल्या चतुर्थीचा फोटो सापडला. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर शेठ, देवापुढून आणलेली वही छातीशी उघडी धरून. पान कोरं. माथ्यावर तेच तिरकं बोट, तोच ओघळ. खाली त्याचेच शब्द, ‘नवीन कामाचा श्रीगणेशा’.

वृषालीनं मोबाईल त्या पानाशेजारी ठेवला आणि शेठच्या वकिलाला विचारलं, दोन वर्षांपूर्वी लिहिलेली वही गेल्या महिन्यात कोरी कशी? वकिलानं बराच वेळ फोटो पाहिला. मग शेणात पाय पडल्यावर बघावं तसं अशिलाकडं पाहिलं. शेठ म्हणू लागला की फोटोतली वही निराळी आहे, पण वकिलानं त्याला गप्प केलं आणि खोटी शपथ घेणाऱ्याचं पुढं काय होतं ते चार शब्दांत सांगितलं.

शेठनं काडी खिशात ठेवली. आवाज एकदम मऊ झाला.

“वहिनी, मशिनी बंद व्हत्या. मी लिवून देतो, तुमच्या एक्स्पोर्टवाल्यालाबी सांगतो. पण तेवढा फोटो पुसा. खोटी वही देवापुढं ठिवली, हे गावात जायला नगं.”

कोर्ट नाही, शपथ नाही, बायकांची वर्षभराची मेहनत तर नाहीच. भीती होती ती एवढीच. तेजस्विनीला वाटलं होतं की जिंकल्यावर त्याची थोडी कीव येईल. ती आली नाही.

“गावात कवाच गेलाय, भाऊ. तुमीच टाकलाय की,” ती म्हणाली. “कशाचा श्रीगणेशा व्हता, तेवढंच सांगायचं राह्यलंय.”

आणि सगळ्यात आधी तिनं साळुबाईंना फोन लावला.