माझ्या तोंडातली अक्षता

मी एक जुनी किल्ली आहे. हसू नका मित्रांनो! वय माझं अवघं दीड वर्ष, पण संगणकांच्या जगात तेवढ्यातच केस पिकतात. मी कुलुपाची किल्ली नव्हे हं. बोटाएवढी, जांभळी, पुढे पत्र्याचं चौकोनी तोंड. सगळे मला डाँगल म्हणतात. पंपांचे आराखडे काढायचं एक सॉफ्टवेअर आहे, ते मला संगणकाला लावल्याशिवाय उघडतच नाही. एवढा माझा मान!

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. डोळे उघडले ते बंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये, कृष्णाजीरावांच्या ऑफिसात. इथून काढ, तिथे लाव! मला क्षणाची उसंत नसे आणि तेच मला आवडे. स्वस्थ बसणं माझ्या रक्तातच नाही.

यंदा उन्हाळ्यात जुना संगणक जळला. नव्या सर्व्हरवर जुनं सॉफ्टवेअर चालेना. तेव्हा नुकतीच नोकरीला लागलेल्या अनुषाने कमालच केली. तिने सर्व्हरच्या पोटात दुसरा संगणक तयार केला. त्याला ना खोका, ना पडदा, तरी तो आहे! सॉफ्टवेअर त्याच्यात राहायला गेलं. मला मात्र लावायचं बाहेर, सर्व्हरच्या पाठीला. सर्व्हरने मला ओळखायचं आणि आतल्याच्या हाती सोपवायचं. पावसाळाभर झकास चाललं. कृष्णाजीराव तेवढे कुरकुरायचे, "पोटात संगणक! बाळंतपण कोण करणार?"

मग आली आयुधपूजा, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची अवजारांची पूजा. कृष्णाजीरावांनी मला उपसून पाटावर ठेवलं आणि ओल्या कुंकवाच्या अक्षता मूठ भरभरून उधळल्या. एक दाणा थेट माझ्या तोंडात! सकाळपर्यंत तो वाळून घट्ट बसला.

दसऱ्याला आनेकल गावाहून लेथवाले मल्लाप्पा आले. त्यांच्या लेथ यंत्रावर एका गावच्या पाण्याच्या पंपाचं चक्र चढवून ठेवलं होतं, कातून मापात आणायचं तेवढं बाकी. मापं आराखड्यात आणि आराखडा माझ्यामागे बंद. "तीन दिवस गावात नळ कोरडा आहे अण्णा, स्वल्प, जरा लवकर!"

अनुषाने मला सर्व्हरमागे खुपसलं. मी अर्धीच आत गेले. माझा हिरवा दिवा लागला नाही, पण पाठीमागे बघतो कोण? पडद्यावर आलं : किल्ली सापडली नाही.

अनुषाने सर्व्हर बंद केला, चालू केला. आतला संगणक पुसून नव्याने मांडला. मी जीव तोडून ओरडत होते, "दाणा! अगं, दाणा!" पण डाँगलला आवाज कुठला?

दोन वाजले. मल्लाप्पा दारात येरझारा घालत होते.

"ए मुली," कृष्णाजीराव गरजले, "चारपर्यंत झालं नाही तर तुझं हे पोटातलं खूळ बंद. उद्यापासून नुसतं टायपिंग करायचं."

"सर, परवापर्यंत चालत होतं."

"परवाचं सोड. आजचं बोल."

अनुषाचे डोळे भरले. तेवढ्यात झाडू घेऊन ठकुबाई सर्व्हरमागे वाकल्या. तिथला केर रोज त्याच काढतात. "अगं अनुषाक्का, हिचा दिवा रोज पेटलेला असतो. आज का विझलाय?"

त्यांनी मला उपटलं, उजेडात धरलं. "अय्या! हिने तर घास धरून ठेवलाय तोंडात!" बांगडीतली सेफ्टीपिन काढून त्यांनी दाणा हळूच उकरला. लालभडक अक्षता!

सगळे कृष्णाजीरावांकडे बघू लागले. कृष्णाजीराव स्वतःच्या मुठीकडे.

"सरी, बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. "जरा जास्तच पडल्या. अनुषाक्का, लावा तुम्ही."

मी सर्रकन आत गेले. दिवा लागला! सर्व्हरने ओळखलं, पोटातल्यानेही ओळखलं. छापलेला आराखडा काखेत मारून मल्लाप्पा बसकडे धावत सुटले. मी मात्र तळमळत होते, चक्र बसेल ना? दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला, "पाणी आलं!"

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, आम्हाला ती आवडते. पण आधी आमचं तोंड झाका. आणि काही अडलं तर नव्या माणसावर डाफरण्याआधी एकदा आमच्या तोंडात डोकावून बघा.

पुढच्या आयुधपूजेसाठी ठकुबाईंनी आत्ताच जाड मार्कर पेनाचं एक निळं टोपण जपून ठेवलंय. मी घालून पाहिलं. मला शोभतं!