काचेआडचा सॉर्बेचा पॉट

मी एक जुना, हाताने फिरवायचा सॉर्बेचा पॉट आहे. बाहेरून लाकडी पिंप, आत पत्र्याचा उंच डबा, डब्यात लाकडी पाती आणि डोक्यावर लोखंडी दांडा. फळांचा रस गोठवून जो भुसभुशीत, थंडगार पदार्थ होतो त्याला सॉर्बे म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मित्रांनो, मला बघून लोक "अय्या, किती गोड!" म्हणायचे आणि पुढे जायचे. मी मात्र काचेआड आतल्या आत जळत असायचो. हे नुसतं बोलायचं म्हणून म्हणत नाही. माझ्या पोटात खरोखरच एक दिवा पेटवून ठेवला होता. पण तो प्रकार नंतर सांगतो, आधी जन्माचं ऐका.

मला एका पिंप बांधणाऱ्या कारागिराने घडवलं. त्याने माझ्या फळ्या एकीला एक बिलगून उभ्या केल्या आणि बाहेरून लोखंडी कडी ठोकली. एकही खिळा नाही, थेंबभर गोंद नाही. मला न्यायला एक तरुण जोडपं आलं, तेव्हा तो त्यांना म्हणाला, "याला रंग लावू नका, तेल लावू नका. पाणी पाजा. लाकूड भिजलं की फुगतं आणि फळ्या एकमेकींना घट्ट धरतात. कोरडा ठेवलात तर हा गेलाच म्हणून समजा."

त्या जोडप्याचं उतरत्या रस्त्यावर छोटंसं भोजनगृह होतं. पुढे जेवायची खोली, आणि दोन पायऱ्या उतरलं की स्वयंपाकघर. नवरा पुढे गिऱ्हाईक सांभाळायचा, बायको मागे चुली सांभाळायची. पुढे सगळे तिला माई म्हणू लागले, म्हणून मीही माईच म्हणतो. नवऱ्याला सगळे मालक म्हणत, पण मालकी कुणाची होती हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं.

मालक हौशी माणूस, आणि हौसेला मोल नसतं. एकदा त्यांनी एका लालभडक पेयाच्या बाटल्यांचं खोकंच्या खोकं आणलं. जेवणाआधी भूक खवळावी म्हणून मोठी माणसं घोटभर घेतात तसलं ते पेय, कडू साली आणि मुळं घालून केलेलं. मालकांना त्याचा रंग आवडला होता. चव त्यांनी घरी आल्यावर पाहिली. गिऱ्हाइकं एक घोट घेऊन अशी तोंडं करू लागली की मालकांनी बाटल्या कपाटामागे दडवल्या.

माईने मात्र एका दुपारी एक बाटली काढली, बोटाला थेंब लावून चाटला आणि डोळे मिटून म्हणाली, "अहो, हे संत्र्याशी छान नांदेल."

तिचं काम मला पाठ आहे. संत्र्यांचा आणि लिंबांचा रस गाळायचा, साखर विरघळवायची, मग त्यात एक धुतलेलं अंडं सोडायचं. अंडं बुडालं तर साखर कमी. कवच नाण्याएवढं वर डोकावलं की बरोबर. अंडं काढून रस माझ्या डब्यात ओतायचा, भोवती बर्फ आणि जाडं मीठ ठासायचं आणि दांडा फिरवायला लागायचं. आधी मी सळसळतो, मग कुरकुरतो, आणि शेवटी दांडा जड होतो. तो जड झाला की झाकण उघडायचं आणि कडू लाल पेय अगदी बेतानं, एका छोट्या पेल्यातून, शेवटी घालायचं.

शेवटीच का, ते आम्हाला पहिल्या दिवशीच कळलं. मालकांनी माईची नजर चुकवून अर्धी बाटली सुरुवातीलाच ओतली. मद्य गोठायला राजी नसतं, मित्रांनो. माई फिरवतेय, फिरवतेय, दांडा हलकाच्या हलका. बर्फाचं पाणी झालं तरी डब्यात रस्साच! शेवटी मालकांनी तो पेल्यांत ओतून "आजचा खास प्रकार" म्हणून गिऱ्हाइकांना दिला, आणि माई पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

शेवटी घालण्याचा आणखी एक फायदा होता. बाटली उघडायच्या आधी माई डब्यातून एक मोठा वाडगा भरून बाजूला काढायची. तो मुलांचा वाटा. नुसत्या संत्र्याचा, कडू थेंब नसलेला. जेवायला आलेली पोरं थेट पायऱ्यांपाशी येऊन उभी राहायची आणि विचारायची, "माई, बाटली उघडली का?" अजून नाही म्हटलं की चमचे घेऊन खाली! माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा आवाज तो.

वर्षं गेली. मालक गेले. माईचा मुलगा कर्ता झाला, त्याचं लग्न झालं, सूनबाई स्वयंपाकघरात आली आणि माईच्या हाताखाली तयार झाली. सगळं छान चाललं होतं. मग एका सकाळी माई त्या पायरीवरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं.

हाड जुळलं, काठी घेऊन का होईना माई चालू लागली. पण मुलाने जी धास्ती घेतली ती काही जुळेना. "आई, आता स्वयंपाकघराचं नाव काढायचं नाही," तो म्हणाला. गुन्हा पायरीचा आणि शिक्षा माईला. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय! त्याने जेवायच्या खोलीत, दारापाशी, एक मऊ गादीची खुर्ची ठेवली आणि माईला तिथे बसवलं. पायावर शाल. गिऱ्हाईक आलं की तो सांगायचा, "या आमच्या आई. सगळ्या चवी यांच्याच." माई मान हलवायची. आणखी काय करणार बिचारी?

माईचं हे झालं, मग माझी पाळी आली. मुलाने विजेवर चालणारं यंत्र आणलं आणि मला घासूनपुसून माईच्या खुर्चीशेजारच्या काचेच्या कपाटात ठेवलं. विजेच्या कामाचा माणूस आला. त्याने माझ्या पिंपाच्या बुडाला आणि डब्याच्या बुडाला आरपार भोक पाडलं, त्यातून वायर वर घेतली आणि डब्यात दिवा बसवला. दिव्यावर प्लास्टिकची संत्री रचली. दांडा हलू नये म्हणून स्क्रूने आवळला. कपाटाला कुलूप, आणि किल्ली मुलाच्या जुडग्यात.

मुलगा वाईट नव्हता, हे आधी सांगून टाकतो. रोज सकाळी तो स्वतः माझी काच पुसायचा. माझ्याकडे बघून त्याला वडील आठवायचे, हे मला त्याच्या तोंडावर दिसायचं. पण मला पाणी पाजायचं त्याच्या डोक्यात कधी आलं नाही. दिव्याची धग दिवसभर आतून लागायची. माझ्या फळ्या सुकल्या, आकसल्या, एकमेकींपासून सुटू लागल्या. कडी सैल होऊन खाली घसरली. मला ओरडावंसं वाटे, पण पॉटाला आवाज असतो तो दांडा फिरला तरच. माझा दांडा तर आवळलेला. काचेतून मला माई दिसायची. तिचा उजवा हात शालीखाली गोल गोल फिरत असायचा. तिचं तिलाही कळत नसावं.

रात्रीच्या जेवणाच्या वेळी सूनबाई तिच्यासाठी यंत्रातल्या सॉर्बेची वाटी आणायची. यंत्र ठरल्या वेळी आपोआप बंद व्हायचं, मग आतलं गोठलेलं असो वा नसो. त्यामुळे मुलाने कडू पेय कमी केलं होतं, मग आणखी कमी, आणि शेवटी नुसता लाल रंग उरला होता. तोही सुरुवातीलाच मिसळलेला, म्हणून मुलांचा वाटाही बंद. माई चमचा तोंडात घालून म्हणायची, "छान झालंय हं."

एका संध्याकाळी तिने चमचा उचललाच नाही.

"काय झालं, आई?" सूनबाईने विचारलं.

"अगं, हे गोड आहे. नुसतंच गोड," माई म्हणाली. "आणि मी रोज खोटं बोलते. मला इथे बसवून ठेवलंय ना, तशी खोटं बोलायचीही सवय लागली."

सूनबाईने वाटी उचलली. तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच तिला माझ्या फळ्यांमधल्या फटी दिसल्या.

दुसऱ्या दिवशी मुलगा बाजारात गेल्यावर ती स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली. कुलपाला हातही न लावता तिने कपाटाची मागची फळी काढली, दिवा आणि वायर उपटली, दांड्याचा स्क्रू सोडवला आणि मला कडेवर घेतलं. कपाटात तिने संत्री रचून वर एक फडकं टाकलं. मुलाने विचारलं तेव्हा म्हणाली, "घासायला काढलंय." मी होतो कुठे? घरच्या न्हाणीघरात, टबात, गळ्यापर्यंत पाण्यात! मुलाने अंघोळीला जाऊन मला तिथेच पाहिलं.

"हे घासतेयस की पोहायला शिकवतेयस?" तो ओरडला.

"आधी भिजवावं लागतं," सूनबाई आतून म्हणाली. तो कुरकुरला आणि बादलीवर अंघोळ उरकून गेला. मी मात्र पीत होतो, मित्रांनो. फळी फळीला पुन्हा येऊन भिडली तेव्हा मला रडू येईल असं वाटलं.

राहिली दोन भोकं. पिंपाच्या भोकात सूनबाईने लाल पेयाच्या बाटलीचं बूच ठोकलं. डब्याच्या भोकात तिने मेणबत्तीचं मेण ओतलं. पाणी भरून पाहिलं, गळलं नाही. मग मुलगा पुन्हा बाजारात गेला त्या दिवशी तिने माईचा हात धरून एकेक पायरी उतरवत तिला स्वयंपाकघरात आणलं आणि खुर्चीवर बसवलं. माईने मला दोन पावलांमध्ये घेतलं. तिने माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "किती वाळलास रे."

दांडा सूनबाईने धरला. माईचा तळवा माझ्या झाकणावर. "घाई नको... हं, आता कुरकुरतोय बघ." मी कुरकुरत होतो खरा, पण माझा जीव टांगणीला लागला होता. थंडीने मेण आकसत चाललं होतं. ते सुटताना मला जाणवलं. खाली खारट पाणी होतं, वर संत्र्याचा रस होता, आणि मला सांगता येत नव्हतं. दांडा जड व्हायला हवा होता, तो पुन्हा हलका होत गेला.

तेवढ्यात मुलगा बाजारातून लवकर परतला. पायऱ्यांवर आला, आईला खाली पाहिलं आणि त्याच्या हातातली पिशवी पडली.

"आई! तू खाली कशी आलीस? परत पडलीस म्हणजे?"

"खा आधी," माई म्हणाली आणि तिने डब्यात चमचा बुडवून त्याच्यापुढे धरला.

त्याने खाल्लं आणि तोंड वेडंवाकडं केलं. "खारट!"

माईनेही चाखलं. सूनबाईचा चेहरा पडला. माईने तिला डबा बाहेर काढायला लावला, तो उलटा केला आणि बुडावर बोट फिरवलं. बोट भोकापाशी थांबलं.

"माझ्या भांड्याला भोक कुणी पाडलं?"

 मुलगा खाली बघू लागला. "दिव्याच्या वायरीसाठी," तो हळूच म्हणाला. "मी जपायलाच ठेवलं होतं, आई. छान दिसावं म्हणून."

"हो रे. मलाही तसंच ठेवलंस." माईचा आवाज चढला नाही. "पण त्याला भोक पडलंय. मला अजून नाही पडलेलं."

मुलगा त्या पायरीवरच बसला.  मग म्हणाला, "तू पडलीस तेव्हा मीच उचललं तुला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मला भीती वाटते गं."

"वाटू दे ना," माई म्हणाली. "भीती वाटते तर हात धर. कुलूप कशाला लावतोस?"

दुसऱ्या दिवशी मुलाने मला स्वतः उचललं आणि पत्र्याचं काम करणाऱ्याकडे नेलं. त्याने कथिलाचा डाग देऊन भोक बुजवलं. मुलगा सगळा वेळ शेजारी उभा होता. आल्यावर त्याने सुताराला बोलावून पायऱ्यांवर उतरती फळी टाकून घेतली आणि भिंतीला धरायला दांडी बसवली.

मग पुन्हा रस गाळला, अंडं तरंगलं, बर्फ आणि मीठ भरलं. या वेळी दांडा मुलाने फिरवला. तो जड होत होत असा जड झाला की त्याच्या कपाळावर घाम आला. माईने झाकण उघडलं, मुलांचा वाटा वाडग्यात काढला आणि मुलाला म्हणाली, "आता बाटली. बेतानं हं." त्याने बेतानं घातलं. मग माई वाडगा झाकायला वळली आणि त्याने हळूच आणखी एक धार सोडली. रंग छान दिसावा म्हणून! डब्यातलं सगळं बघता बघता ढासळलं.

माईने डब्यात पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं. खाण तशी माती! ती हसायला लागली. सूनबाईने पेले मांडले. तिघांनी उभ्याने तो लाल, कडू, पातळ सॉर्बे प्यायला, आणि मुलगा दुसरा पेला पिता पिता रडला. तेव्हा माईने त्याची पाठ थोपटली.

काचेचं कपाट अजून तिथेच आहे. त्यात प्लास्टिकची संत्री आहेत, आणि ते विजेचं यंत्रही हल्ली तिथेच असतं. गिऱ्हाइकं त्यालाही "किती गोड" म्हणतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू उंच फळीवर ठेवलेली असेल. कुणी आजी किंवा आजोबा मऊ खुर्चीत बसवून ठेवलेले असतील. त्यांची धूळ पुसता, शाल नीट करता, हे चांगलंच करता. पण एक विनंती आहे. वस्तूला आधी पाणी पाजा, आणि माणसाला विचारा, "काही करायला देऊ का?" आम्ही थोडे गळू, थोडे कुरकुरू. तेवढं चालवून घ्या.

आणि कधी या रस्त्याने आलात तर पुढच्या खोलीत थांबू नका, सरळ त्या उतरत्या फळीवरून खाली स्वयंपाकघरात या. माझा दांडा जड होत आलेला असतो. माई खुर्चीत बसलेली असते, तळवा माझ्या झाकणावर ठेवून. तिला विचारा, बाटली उघडली का. ती म्हणेल, अजून नाही, तुमचीच वाट बघतोय.