कालव्याच्या वाटेवरचा वर्ग दोन

मी एक जुना स्टिकर आहे. वहीवर लावतात तसला फुलपाखरांचा नव्हे, मित्रांनो. मी कायद्याचा स्टिकर आहे. विजेच्या सायकलच्या अंगावर मला लावतात आणि माझ्यावर तीनच गोष्टी छापलेल्या असतात : सायकलचा वर्ग, तिचा वेग आणि तिच्या मोटरची ताकद. 'वर्ग दोन, ताशी वीस मैल, साडेसातशे वॉट.' वाचायला असा कितीसा वेळ लागतो? तरी मला धड वाचणारी माणसे आयुष्यात मोजकीच भेटली, आणि त्यांतलीही काही चष्मा घरी विसरलेली होती.

छापखान्यात आम्ही तीन भाऊ होतो. थोरला वर्ग एक, सगळ्यांचा लाडका. तुम्ही पायडल मारले तरच त्याची मोटर हातभार लावते आणि वीसच्या वेगाला गप्प बसते. धाकटा वर्ग तीन, त्याचेही तसेच, पण तो अठ्ठावीसपर्यंत पळतो. मधला मी. माझ्या सायकलच्या मुठीजवळ एक कळ असते. ती अंगठ्याने दाबली की पायडल न मारताही सायकल पुढे सरकते. माझा वेग थोरल्यापेक्षा काडीभरही जास्त नाही, पण त्या एका कळीपायी मी वाह्यात ठरलो. हमरस्त्यावर मी चालतो. गावातल्या रस्त्यावर चालतो. नदीकाठच्या वाटेवर कधी चालतो, कधी नाही. डोंगरातल्या सरकारी रानात तर मला सायकलच समजत नाहीत, मोटारगाडी समजतात. एका गावाची हद्द संपून दुसऱ्याची लागली की पाटी बदलते, नियम बदलतो, आणि मी मात्र तोच, त्याच जागी चिकटलेला. या लोकांनी एकदा एकत्र बसून काय ते ठरवावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

पश्चिम कोलोरॅडोत पीचच्या बागांचे एक गाव आहे. तिथे रूबेन आर्चुलेटाच्या दुकानातून व्हर्ना केटरिंगने माझी सायकल घेतली. व्हर्नाने सारा जन्म शाळेची बस चालवली होती. गावातली निम्मी माणसे तिच्या बसमधून शिकायला गेलेली. आता तिचा उजवा खुबा बदललेला होता, आणि लांबची पाटी दिसत नाही म्हणून परवाना कचेरीने गाडीचा परवाना नव्याने द्यायचे नाकारले होते. विजेच्या सायकलला परवाना लागत नाही. म्हणून ती दुकानात आली, गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि तिने मला पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचले. त्या दिवशी मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

तिला सायकल हवी होती ती बागेसाठी. तिचा नवरा ऑरिन याने जाताना पीचच्या झाडांचा एक तुकडा मागे ठेवला होता, तोही कालव्याच्या पार दुसऱ्या टोकाला. कालव्याचे पाणी तिथे पाळीने मिळते. व्हर्नाची पाळी बुधवारची, सकाळपासून दुपारपर्यंत. त्या वेळात आपण जाऊन आपल्या पाटाचे दार उघडायचे. नाही उघडले तर पाणी पुढच्याच्या शेतात जाते, आणि मग आठवडाभर आपली झाडे उन्हात उभी.

कालव्याच्या काठाने सपाट, सावलीची वाट आहे. घराच्या पायरीवर पाय टेकून व्हर्ना निघायची आणि बागेपाशी पाण्याच्या दाराच्या ओट्यावर पाय टेकून परत फिरायची. त्या खुब्याने थांबलेल्या सायकलला पहिला रेटा देता येत नसे, पण टेकायला काही उंच मिळाले की जमे. अडचण एकच होती. मध्येच ती वाट रेल्वेचे रूळ ओलांडते, आणि व्हर्ना तिथे थांबायची.

शाळेची बस रुळाशी थांबवायची, दार उघडायचे, आगगाडीचा आवाज येतो का ते ऐकायचे आणि मगच पुढे जायचे, असा तिथला नियम आहे. व्हर्नाने तो इतकी वर्षे पाळला होता की तो तिच्या अंगातच मुरला होता. आता ते रूळ गंजलेले, मधून गवत उगवलेले. कित्येक वर्षांत त्यावरून मालगाडीचा डबासुद्धा गेलेला नाही. तरी ती थांबायची, पाय जमिनीला टेकायची, मान जरा तिरपी करून ऐकायची. मग निघण्यासाठी अंगठ्याने कळ दाबायची. सगळ्या वाटेत तेवढाच एक रेटा तिला मोटरकडून फुकट हवा असे. माझा जन्म त्या एका रेट्यासाठी झाला होता, म्हणा ना.

पहिल्या वर्षी ती मला ओल्या फडक्याने पुसायची. मग तिकडच्या रीतीप्रमाणे सायकलवर स्टिकर जमू लागले. कुठल्याशा गरम पाण्याच्या झऱ्याचा, अस्वलाचा, गावच्या चर्चच्या भोजनाचा. पीचच्या जत्रेतून एक गुबगुबीत पीच आणला आणि नेमका माझ्या तोंडावर चिकटवला. कायद्याचा माणूस पीचखाली गाडला गेला, याचे कोणालाच काही नाही! तेव्हापासून मी अंधारात, नुसता कानांनी जगत होतो.

मग कालव्याच्या वाटेवर दोन दांडगट एका भलत्याच गाडीवरून सुसाट आले आणि एका म्हाताऱ्या कुत्र्याला उडवून पसार झाले. त्या गाडीला पायडले होती ती नावापुरती. वर्गाचा स्टिकर तर मुळातच नव्हता. गावाने सभा घेतली, खूप आरडाओरडा झाला आणि वाटेच्या तोंडाशी व रुळाशी पाटी लागली : 'फक्त वर्ग एक.' स्टिकरच नसलेल्यांना त्या पाटीने काय फरक पडणार? ते अजूनही सुसाट जातात. अडकला कोण? तर अंगावर खरे लिहून फिरणारा मी! व्हर्नाला कायद्याने मोकळा राहिला तो हमरस्ता, जिथे पीचचे ट्रक कानाला वारा घालत जातात. जिथे तिला परवानगी तिथे जिवाला धोका, आणि जिथे जीव सुखरूप तिथे मनाई.

तिचा धाकटा भाऊ लाइल याला प्रत्येक गोष्टीवर सोपा उपाय सापडतो. त्याने टपालाने वर्ग एकचा स्टिकर मागवला आणि पीचच्या डोक्यावर दाबून बसवला.

"झालं. आता तू वर्ग एक," तो म्हणाला.

"अरे, पण कळ तशीच आहे ना."

"कळीकडे कोण बघतंय? स्टिकर बघतात. आणि एवढंच वाटत असेल तर त्या मेल्या रुळाशी थांबू नकोस. न थांबता गेलीस तर कळच लागणार नाही तुला."

"रूळ आहेत ना? मग थांबायचं," व्हर्ना म्हणाली.

मी खाली दबून चरफडत होतो. स्टिकर बदलला की सायकल बदलते, हे यांना सांगितले कोणी? रूबेन तर स्पष्ट सांगत असे की सायकल बदलली तर स्टिकर बदलायचा, उलटे नाही.

जुलैतला एक बुधवार. ऊन कडक होते आणि फळे भरत आली होती. व्हर्ना रुळाशी थांबली, तर तिथे वॉरन ओक्स उभा. हा निवृत्त पोस्टमास्तर, आता वाटेचा स्वयंसेवक राखणदार. ज्या कुत्र्याला उडवले ते त्याचेच. तो वाकल्याचे मला ऐकू आले, त्याचे गुडघे कुरकुरले.

"वर्ग एक. छान. जा," तो म्हणाला.

अहो, कळ त्याच्या नाकासमोर होती! कोपराने ढोसली असती तर सायकल त्याच्या पायावरून गेली असती. पण त्याने बघितला तो कागद. व्हर्नाचा अंगठा कळीवर टेकल्याचे मला जाणवले, आणि तो तिथेच थांबला. मला वाटले, आता दाबेल. पाळी चालू होती, पाणी वाहत होते.

"वॉरन, तो स्टिकर खोटा आहे," ती म्हणाली. "ही वर्ग दोनची आहे."



"मी तुला जा म्हटलं होतं, व्हर्ना."

"ऐकलं मी."

"मग कशाला बोललीस?"

"तुझी पोरं माझ्या बसमधून गेली ना? रुळाशी दार उघडून मी नुसतं ऐकल्याचं नाटक केलं असतं, तर चाललं असतं तुला?"

वॉरनने उसासा टाकला. नियम तो नियम, तिला वाटेवर सायकल चालवू देता येणार नाही, असे तो म्हणाला. हाताने ढकलत न्यायला मनाई नव्हती. व्हर्ना उतरली आणि ढकलू लागली. तिचे एक पाऊल जड, एक हलके पडत होते. थोड्या वेळाने दुसरी पावले मागून आली, आणि वॉरनने मुकाट्याने सायकल आपल्या हातात घेतली. ते बागेशी पोचेपर्यंत पाळी संपत आली होती. वरच्या ओळींना पाणी मिळाले. खालच्या ओळींपर्यंत ते पोचलेच नाही. ती झाडे ऑरिनने सगळ्यांत आधी लावलेली होती, आणि त्यांची फळे त्या आठवड्यात सुरकुतली.

व्हर्ना तडक रूबेनकडे गेली. कळ काढ, तार तोड, खरी वर्ग एक कर, असे तिने सांगितले. रूबेनने विचारले, "रुळाशी निघणार कशी?" ती म्हणाली, "तिथून पुढे ढकलत नेईन. लवकर निघेन." मग रूबेनने गरम हवा मारून लाइलचा खोटा स्टिकर सोलला, पीच सोलला आणि शेवटी मला. सोलताना माझा एक कोपरा फाटला. किती दिवसांनी उजेड पाहिला! तो मला केराच्या डब्यात टाकणार, तेवढ्यात व्हर्नाने हात पुढे केला.

"त्याला टाकू नकोस," ती म्हणाली. "एवढाच काय तो खरं बोलत होता."

मित्रांनो, मला त्या वेळी रडू आले असते, पण माझी शाई पक्की आहे.

पुढच्या बुधवारी मी तिच्या डब्याच्या झाकणाला चिकटून टोपलीत बसलो होतो. ती रुळाशी थांबली, पाय टेकला, मान तिरपी करून ऐकले. मग उतरायला म्हणून बाजूला वळली, तर रुळाशेजारी कॉटनवुडच्या झाडाचा एक ओंडका होता. वरून सपाट कापलेला, बरोबर तिच्या घराच्या पायरीएवढा उंच. थोड्या अंतरावर वॉरन आपलीच पाटी अगदी मन लावून वाचत उभा होता.

"सरपण पडलंय तिथं," तो मागे न बघता म्हणाला. "उचलायला वेळ झाला नाही मला."

व्हर्नाने चांगला पाय ओंडक्यावर ठेवला आणि रेटा दिला. त्या दिवशी पाणी शेवटच्या ओळीपर्यंत गेले.

आता मी त्या ओंडक्यावर आहे. व्हर्नाने मला चार खिळ्यांनी ठोकून बसवले. 'वर्ग दोन, ताशी वीस मैल,' असे लिहिलेला हा जगातला एकमेव ओंडका असावा. वॉरन येता-जाता म्हणतो की या वाटेवर मला मनाई आहे, पण तो मला हलवत नाही. तेव्हा मित्रांनो, एवढे करा. सायकलला हात लावण्याआधी तिच्या अंगावरचा स्टिकर वाचा. त्यावर पीच लावू नका. त्यावर खोटे तर मुळीच लावू नका. आणि कोणाला अडवायचेच असेल तर कागदाबरोबर जरा मुठीकडेही बघा, पायांकडेही बघा. हे सांगून सांगून माझा रंग उडत चालला आहे.

गाडी येत नाही, यायचीही नाही. तरी दर बुधवारी सकाळी व्हर्ना माझ्याशेजारी थांबते, कान देऊन ऐकते, मग पाय माझ्यावर ठेवून निघते. तो पहिला रेटा अजून मीच देतो.